हाय-रिफ्रेश गेमिंग मॉनिटर निवडताना: आधी गेम, मग खोली, हर्ट्झ शेवटी

पहिला गेमिंग मॉनिटर घ्यायला निघालेली मंडळी बहुतेक वेळा एकाच प्रश्नावर अडलेली असतात: १४४ हर्ट्झ (म्हणजे सेकंदाला १४४ वेळा चित्र बदलणारा) घेऊ, १८० घेऊ की २४०? खोक्यावर तोच आकडा सर्वांत ठळक छापलेला असतो, त्यामुळे लक्ष तिकडे जाणं साहजिक आहे. पण सारख्याच हर्ट्झचे दोन मॉनिटर शेजारी ठेवून वेगात सरकणारं दृश्य पाहा. एकावर कडा स्वच्छ दिसतात, दुसऱ्यावर प्रत्येक गडद वस्तूच्या मागे काळपट फराटा उमटतो. एक मॉनिटर रात्री अप्रतिम दिसतो आणि दुपारी खिडकीच्या उजेडात त्याचा काळा रंग राखाडी पडतो. हर्ट्झच्या आकड्यावरून यातलं काहीच कळत नाही.

म्हणून नवीन माणसाला माझं आग्रहाने सांगणं असतं की हर्ट्झ शेवटी ठरवा. आधी तुमचे गेम आणि तुमचं ग्राफिक्स कार्ड पाहा, मग आकार आणि रिझोल्यूशन, मग खोलीतला उजेड बघून पॅनल, म्हणजे स्क्रीनचं तंत्र. एवढं झालं की यादीत मोजकेच मॉनिटर उरतात आणि हर्ट्झचा प्रश्न बराचसा आपोआप सुटतो.

पायरी १: तुमच्या फ्रेम्स मोजा

रिफ्रेश रेट म्हणजे मॉनिटर सेकंदाला किती वेळा चित्र बदलू शकतो. एफपीएस म्हणजे ग्राफिक्स कार्ड सेकंदाला किती चित्रं, म्हणजेच फ्रेम्स, तयार करून देतं. मॉनिटर २४० हर्ट्झचा असला आणि गेम ७० एफपीएसवर चालत असला, तर तुम्हाला वेगवेगळी चित्रं ७० च दिसणार.

तेव्हा खरेदीआधी एक संध्याकाळ मोजणीला द्या. तुम्ही नेहमी खेळता ते तीन-चार गेम नेहमीच्याच सेटिंगवर चालवा आणि एफपीएस काउंटर सुरू ठेवा. स्टीममध्ये तो आतच मिळतो. मेन्यूत किंवा मोकळ्या मैदानात दिसणारा आकडा धरू नका. धूर, स्फोट, पाच-सहा खेळाडू एकत्र आलेत अशा वेळी आकडा कुठवर घसरतो ते टिपून ठेवा. मग रिझोल्यूशन कमी करून तोच प्रसंग पुन्हा खेळा. एफपीएस वाढले नाहीत तर अडथळा ग्राफिक्स कार्डाचा नसून प्रोसेसरचा आहे, आणि सेटिंग्ज कितीही उतरवल्या तरी तो आकडा फारसा वर जाणार नाही.

व्हॅलोरंट किंवा काउंटर-स्ट्राइक २ सारखे स्पर्धात्मक गेम मध्यम ताकदीच्या पीसीवरही भरपूर फ्रेम्स देतात. सायबरपंक २०७७ रे ट्रेसिंगसह (प्रकाश-सावल्यांच्या खऱ्यासारख्या चित्रणासह) चालवलात तर तगडं कार्डही धापा टाकतं. आणि एल्डन रिंग पीसीवर मुळात ६० एफपीएसच्या वर जातच नाही. तुमचा निम्मा वेळ अशा गेममध्ये जात असेल तर ३६० हर्ट्झपेक्षा चांगल्या कॉन्ट्रास्टचं (पांढऱ्या-काळ्यातल्या फरकाचं) पॅनल तुम्हाला जास्त आनंद देईल.

आता थोडं गणित, कारण ते एकदा डोळ्यांखालून गेलं की जाहिरातीचा जोर ओसरतो. ६० हर्ट्झवर एक फ्रेम १६.७ मिलीसेकंद टिकते. १४४ वर ६.९, २४० वर ४.२ आणि ३६० वर २.८. म्हणजे ६० वरून १४४ वर गेलात की प्रत्येक फ्रेममागे जवळपास १० मिलीसेकंद वाचतात. १४४ वरून २४० वर जाताना वाचतात पावणेतीन, आणि २४० वरून ३६० वर दीडसुद्धा नाहीत. पहिली उडी कुणालाही जाणवते. नुसता माउस गोल फिरवला तरी कर्सर वेगळा वाटतो. पुढच्या उड्या खऱ्या आहेत, पण त्या जाणवण्यासाठी गेम, हात आणि डोळे तिघेही तयार असावे लागतात.

हर्ट्झ वाढल्याने धूसरपणा कमी होतो, त्याचंही कारण असंच साधं आहे. एलसीडी आणि ओएलईडी दोन्ही एक फ्रेम पुढची येईपर्यंत जागीच धरून ठेवतात, पण सरकत्या वस्तूमागे जाणारा आपला डोळा थांबत नाही. सेकंदाला ९६० पिक्सेल वेगाने सरकणारा शत्रू ६० हर्ट्झवर सुमारे १६ पिक्सेल फिसकटलेला दिसतो, २४० वर ४ पिक्सेल. हा धूसरपणा पिक्सेल कितीही झटपट बदलला तरी राहतो. तो घालवायला जास्त फ्रेम्स लागतात, नाहीतर पायरी ४ मध्ये येणारी बॅकलाइट लुकलुकवण्याची युक्ती.

पायरी २: आकार आणि रिझोल्यूशन एकत्र ठरवा

१०८० पी म्हणजे सुमारे २१ लाख पिक्सेल, १४४० पी म्हणजे ३७ लाख, फोर-के म्हणजे ८३ लाख. कार्डावरचा भार साधारण याच प्रमाणात वाढतो. पहिल्या पायरीत १०८० पीवर तुम्हाला ९० एफपीएस मिळत असतील, तर त्याच सेटिंगवर फोर-केला ते कुठे जाऊन पडतील याचा अंदाज तुम्हीच करा. अपस्केलिंगची (कमी रिझोल्यूशनचं चित्र बनवून ते मोठं करण्याची) मदत होते, पण तिच्या भरवशावर रिझोल्यूशन निवडू नका.

आकाराचं कोष्टक मी असं धरतो: २४ इंच असेल तर १०८० पी, २७ इंच असेल तर १४४० पी, ३२ इंच असेल तर फोर-के. २७ इंचांवर १०८० पी घेतलं की इंचाला जेमतेम ८२ पिक्सेल पडतात आणि अक्षरांच्या कडा दातेरी दिसू लागतात. १४४० पीवर तेच १०९ होतात. फरक गेममध्ये दूरची माणसं ओळखताना कळतो आणि त्याहून जास्त रोजचं काम करताना. फक्त स्पर्धात्मक नेमबाजी खेळणाऱ्यांनी २४ ते २५ इंच खुशाल घ्यावा, कारण सगळी स्क्रीन नजरेच्या एका टप्प्यात राहते.

पायरी ३: पॅनल, आणि त्याआधी तुमची खोली

इथे घाई करू नका. मॉनिटर ज्या टेबलावर ठेवणार आहात तिथे बसून पाहा: खिडकी समोर आहे, पाठीमागे आहे की बाजूला? खेळता कधी, दिवसा की दिवे मालवून रात्री? त्याच स्क्रीनवर दिवसभर एक्सेल आणि ब्राउझर उघडे असतात का? या उत्तरांवर पॅनल ठरतं.

टीएन, आयपीएस आणि व्हीए हे एलसीडीचे तीन प्रकार. त्यात टीएन सर्वांत जुनं. त्यातले द्रवस्फटिक वळसा घालून बसलेले असतात आणि वीज मिळताच झटकन सरळ होतात, म्हणून ते वेगवान. पण खालून पाहिलं की चित्र काळवंडतं, बाजूने पाहिलं की रंग पालटतात. व्यावसायिक स्पर्धकांसाठी बनणाऱ्या अतिवेगवान मॉनिटरमध्ये टीएन अजून टिकून आहे. ५४० हर्ट्झपर्यंत पोचलेले सुरुवातीचे मॉनिटर टीएनचेच होते. नवख्याने त्याच्या वाटेला जाण्याचं मला कारण दिसत नाही.

आयपीएसमध्ये स्फटिक काचेला समांतर राहूनच फिरतात. त्यामुळे कुठूनही पाहा, रंग जवळपास तसेच राहतात. पूर्वी आयपीएस संथ म्हणून ओळखलं जायचं. फास्ट आयपीएस आल्यापासून ते दिवस गेले. दोष एकच, पण मोठा: काळा रंग. कॉन्ट्रास्ट साधारण १०००:१ च्या आसपास, म्हणजे अंधाऱ्या खोलीत काळ्याचा गडद राखाडी होतो. त्यात कोपऱ्यांत एक फिकट चमक दिसते, जिला आयपीएस ग्लो म्हणतात. ती आणि बॅकलाइट ब्लीड (मागच्या दिव्याचा कडेने झिरपणारा प्रकाश) यांत लोकांची गल्लत होते. पूर्ण काळी स्क्रीन लावा आणि डोकं बाजूला, मागे हलवून पाहा. चमक डोक्याबरोबर सरकली किंवा विरली तर तो ग्लो, तो या तंत्राचा स्वभावच आहे. डाग जागचा हलला नाही तर ते ब्लीड, आणि ते फार असेल तर मॉनिटर बदलून मागायला हरकत नाही.

व्हीए पॅनलमध्ये वीज नसताना स्फटिक काचेला काटकोनात उभे असतात आणि मागचा प्रकाश चांगला अडवतात. म्हणून कॉन्ट्रास्ट ३०००:१ च्या वर सहज जातो. रात्रीच्या अंधारात घडणारे भयपट-छाप गेम, अवकाशातले गेम यांवर खुलतात. याची किंमत वेगात मोजावी लागते. गडद रंगाकडून थोड्या कमी गडद रंगाकडे जाताना हे स्फटिक आळशीपणा करतात. १४४ हर्ट्झवर एका फ्रेमला ७ मिलीसेकंदही नसतात आणि साध्या व्हीएवर असा एखादा बदल २० च्या पुढे जाऊ शकतो. अंधाऱ्या गुहेत कॅमेरा फिरवलात की दगडांच्या सावल्या शाई ओघळल्यासारख्या मागे ओढल्या जातात. काही निवडक व्हीए मॉनिटरनी हा दोष बराच आटोक्यात आणला आहे, पण ते त्या त्या मॉडेलचा प्रतिसाद मोजून घेतलेली परीक्षणं वाचूनच कळतं, नावावरून नाही.

ओएलईडीमध्ये मागचा दिवाच नसतो. प्रत्येक पिक्सेल स्वतः उजळतो आणि स्वतः विझतो, म्हणून काळा म्हणजे खरोखर काळा. रंग बदलण्याचा वेगही इतका, की फराटा जवळपास उरतच नाही. २४० हर्ट्झचं ओएलईडी हालचालीत त्याच हर्ट्झच्या एलसीडीपेक्षा स्वच्छ दिसतं. दिवे मालवून खेळणाऱ्यासाठी आज याहून चांगलं काही नाही, असं मी ठामपणे म्हणेन.

पण रोजच्या कामाची बाजू समजून घ्या. टास्कबार, गेममधला नकाशा, आरोग्यपट्टी अशा एकाच जागी तासन्‌तास राहणाऱ्या गोष्टींनी कालांतराने बर्न-इन, म्हणजे कायमचा डाग, होऊ शकतं. ते टाळण्यासाठी मॉनिटर स्टँडबायमध्ये गेल्यावर स्वतःची डागडुजी करत असतो, म्हणून खेळ संपला की भिंतीवरचं बटण बंद करून त्याची वीज तोडू नका. सगळी स्क्रीन पांढरी असली की बरेच ओएलईडी आपला उजेड आवरता घेतात, त्यामुळे लख्ख उजेडाच्या खोलीत पांढरं पान मंद वाटतं. ओएलईडीचे दोन प्रकार आहेत. त्यातल्या क्यूडी-ओएलईडीवर खोलीतला प्रकाश पडला की काळा रंग किंचित जांभळट राखाडी दिसतो. दुसरं, डब्ल्यूओएलईडी, दिवसाउजेडी काळा जास्त सांभाळतं. उपपिक्सेलची (पिक्सेलमधल्या रंगीत ठिपक्यांची) मांडणी नेहमीपेक्षा वेगळी असल्याने बारीक अक्षरांच्या कडांना रंगीत झाक येऊ शकते. नव्या पिढ्यांत ती कमी होत गेली आहे, तरी दिवसभर मजकूर वाचणाऱ्याने स्वतःच्या डोळ्यांनी पाहिल्याशिवाय घेऊ नये.

मिनी-एलईडी हे वेगळं पॅनल नाही. आयपीएस किंवा व्हीएच्या मागे शेकडो ते हजारो छोटे दिवे लावून ते विभागवार मंद-तेज केलेले असतात. उजेड भरपूर मिळतो आणि बर्न-इनची चिंता नाही. पण विभाग मोजून पाहा: फोर-के स्क्रीनवर ११५२ विभाग असले तरी एका विभागावर ७२०० पिक्सेल येतात. त्यातला एकच पिक्सेल उजळला तरी सगळा विभाग उजळतो, म्हणून काळ्या पार्श्वभूमीवर फिरणाऱ्या कर्सरभोवती धुकं दिसतं. दिवसा, खिडकीच्या उजेडात एचडीआर (उजेड-अंधाराचा मोठा पल्ला दाखवणारे) गेम खेळायचे असतील तर हा पर्याय मला ओएलईडीपेक्षा सरस वाटतो.

कुठलंच ठोस उत्तर मिळालं नाही, काम आणि खेळ दोन्ही एकाच मॉनिटरवर आहेत, खोलीत साधारण उजेड असतो, तर २७ इंच, १४४० पी, फास्ट आयपीएस, १६५ ते १८० हर्ट्झ. बहुतेक नवख्यांना मी हेच सुचवतो.

पायरी ४: स्पेक शीटवर काय वाचायचं, काय सोडायचं

«१ मिलीसेकंद» हा सर्वांत फसवा आकडा. एका राखाडी छटेवरून दुसऱ्या छटेवर जायला लागणारा वेळ, म्हणजे जीटीजी, सहसा बदलाच्या १० ते ९० टक्क्यांमधलाच मोजतात; तोही सर्वांत अनुकूल छटांमध्ये आणि ओव्हरड्राइव्ह (पिक्सेलला झटपट बदलायला लावणारी सेटिंग) इतका ताणून, की त्या सेटिंगवर खेळावंसं वाटणार नाही. एमपीआरटी (हालचाल किती धूसर दिसते त्याचं माप) असं लिहिलं असेल तर मोजणीच निराळी: तिथे बॅकलाइट लुकलुकवून हालचाल स्वच्छ केलेली असते, उजेड घटतो आणि बहुतेक मॉनिटरवर त्या वेळी व्हीआरआर (कार्डाच्या वेगानुसार बदलणारा रिफ्रेश रेट, पायरी ५ पाहा) बंद ठेवावं लागतं. हे दोन आकडे एकमेकांशी ताडून पाहू नका.

डिस्प्लेएचडीआर ४०० हा शिक्का असला तरी एचडीआरची अपेक्षा ठेवू नका. तो लोकल डिमिंगशिवायही (मागचे दिवे विभागवार मंद न करताही) मिळतो, आणि आयपीएसवर लोकल डिमिंगशिवाय एचडीआर म्हणजे नुसती उजळलेली स्क्रीन. ओएलईडीसाठी ट्रू ब्लॅक अशी वेगळी श्रेणी आहे. तिथला ४०० हा आकडा साध्या ४०० शी तोलू नये. «डायनॅमिक कॉन्ट्रास्ट» म्हणून लाखांत किंवा कोटींत दिलेला आकडा सरळ सोडून द्या.

पायरी ५: व्हीआरआर असायलाच हवं

ग्राफिक्स कार्डाची फ्रेम आणि मॉनिटरचा ठेका जुळला नाही की एकाच वेळी दोन फ्रेम्सचे तुकडे दिसतात आणि चित्र आडवं चिरल्यासारखं वाटतं. व्हीआरआर मॉनिटरला कार्डाच्या तालावर चालायला लावतं. एनव्हिडियाने २०१३ मध्ये जी-सिंक नावाचं आपलं व्हीआरआर आणलं, २०१४ मध्ये अ‍ॅडॅप्टिव्ह-सिंक डिस्प्लेपोर्टच्या मानकात आलं आणि एएमडीचं फ्रीसिंक त्यावरच उभं राहिलं. २०१९ पासून एनव्हिडियाची जीफोर्स कार्डंही अशा मॉनिटरवर व्हीआरआर चालवतात, त्यामुळे आता कार्ड एका कंपनीचं म्हणून मॉनिटर अडून राहत नाही.

फक्त पल्ला पाहा. ४८ ते १४४ असा पल्ला असेल आणि गेम ४० वर घसरला, तर मॉनिटर प्रत्येक फ्रेम दोनदा दाखवून ८० हर्ट्झवर वेळ निभावून नेतो. याला एलएफसी म्हणतात, आणि ती चालण्यासाठी वरचा आकडा खालच्याच्या दुपटीहून जास्त असावा लागतो. फ्रीसिंक प्रीमियम लिहिलेलं असेल तर ती असतेच. ओएलईडी आणि व्हीएवर एफपीएस सारखे वर-खाली होत असतील तर गडद राखाडी दृश्यांत, विशेषतः लोडिंग स्क्रीनवर, प्रकाश थरथरताना दिसू शकतो. यावर सर्वांत चांगला इलाज म्हणजे एफपीएस स्थिर ठेवणं.

पायरी ६: पोर्ट आणि केबल

एचडीएमआय २.० वर फोर-के ६० हर्ट्झपाशी अडतं. डिस्प्लेपोर्ट १.४ वर फोर-के १४४ साठी डीएससी नावाचं कॉम्प्रेशन लागतं; डोळ्यांना त्याचा फरक सहसा कळत नाही, पण कार्ड आणि मॉनिटर दोघांनाही ते यायला हवं. नुसतं «एचडीएमआय २.१» लिहिलं म्हणून पूर्ण ४८ गिगाबिटचा वेग मिळेलच असं नाही, कारण नियमानुसार कमी वेगाच्या पोर्टलाही ते नाव चालतं. कोणत्या पोर्टवर कोणतं रिझोल्यूशन किती हर्ट्झला चालेल याचा तक्ता मॉनिटरच्या माहितीपुस्तिकेत असतो. घेण्याआधी ती पुस्तिका डाउनलोड करून तो तक्ता वाचा.

प्लेस्टेशन ५ किंवा एक्सबॉक्स सीरिज एक्स जोडणार असाल तर १२० हर्ट्झच्या पुढे जाऊन उपयोग नाही. प्लेस्टेशन ५ चं व्हीआरआर फक्त एचडीएमआय २.१ च्या व्हीआरआरवर चालतं, फ्रीसिंकवर नाही. एक्सबॉक्सला दोन्ही चालतात.

पायरी ७: घरी आल्यावर, परत करण्याची मुदत संपण्याआधी

केबल जोडल्याजोडल्या विंडोजमध्ये सेटिंग्ज, सिस्टिम, डिस्प्ले, अ‍ॅडव्हान्स्ड डिस्प्ले या वाटेने जा आणि रिफ्रेश रेट स्वतः निवडा. विंडोज पुष्कळदा ६० वरच सुरू होतं, आणि १६५ चा मॉनिटर महिनोन्‌महिने ६० वर वापरणारी माणसं खरोखर असतात.

मग लाल, हिरवी, निळी, पांढरी, काळी अशा एकरंगी स्क्रीन एकेक करून लावा आणि अडकलेले किंवा मेलेले पिक्सेल शोधा. सतत उजळ राहणारा ठिपका काळ्या ठिपक्यापेक्षा जास्त खटकतो. वॉरंटीत दोन्हींचे नियम वेगळे असू शकतात, ते वाचून ठेवा. रात्री दिवे मालवून काळी स्क्रीन पाहा आणि वर सांगितलेली डोकं हलवण्याची चाचणी करा. गडद राखाडी स्क्रीनवर उभे पट्टे किंवा ढगाळ डाग दिसतात का तेही याच वेळी कळेल.

एलसीडी असेल तर ओव्हरड्राइव्ह लावायला बसा. ब्राउझरमध्ये टेस्ट यूएफओ ही चाचणीची साइट उघडा आणि सरकणाऱ्या उडत्या तबकडीकडे नजर रोखून मॉनिटरच्या मेन्यूतले ओव्हरड्राइव्हचे टप्पे एकेक बदला. सर्वांत खालच्या टप्प्यावर तबकडीमागे तिचीच पुसट सावली दिसेल. सर्वांत वरच्या टप्प्यावर सावली जाऊन तिच्या जागी उजळ, कधी उलट्या रंगाची कड येईल. पिक्सेल ठरलेल्या छटेच्या पुढे जाऊन परत येत असल्याची ती खूण. दोन्ही कमीत कमी दिसतील तो टप्पा ठेवा, बहुधा तो मधला असतो. नंतर गेममध्ये एफपीएस ७० च्या आसपास आणून पुन्हा पाहा, कारण १६५ वर नीट वाटणारा टप्पा कमी रिफ्रेशवर बरेचदा जास्त होतो.

शेवटी फ्रेम्सवर मर्यादा घाला. व्हीआरआर सुरू ठेवून मर्यादा मॉनिटरच्या हर्ट्झपेक्षा थोडी खाली ठेवायची: १४४ ला १३८ ते १४१, १६५ ला १५८ च्या आसपास. वरच्या टोकाला टेकल्यावर व्हीआरआर सुटतं आणि चित्र पुन्हा चिरतं, किंवा व्ही-सिंक (कार्डाला मॉनिटरच्या ठेक्यासाठी थांबवणारी सेटिंग) मध्ये येऊन माउसला जडपणा आणतं. गेमच्या सेटिंगमध्येच मर्यादेची सोय असेल तर ती आधी वापरून पाहा. ड्रायव्हरमधल्या मर्यादेपेक्षा तिथे इनपुटचा उशीर सहसा कमी राहतो.